घरफोडी, दरोडा आणि अपिलाचा हक्क

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरोड्याच्या किंवा घरफोडीच्या खटल्यातील आरोपी वरच्या न्यायालयातून सुटल्याची अथवा त्यांची शिक्षा कमी झाल्याची बातमी आपल्या अंकात आली, की पुढचे काही दिवस वाचकांच्या पत्रांत एकच सूर उमटतो. पोलिसांनी रात्रीचा दिवस करून चोर पकडायचे, खालच्या न्यायालयाने शिक्षा सुनवायची आणि वकिलांनी तांत्रिक मुद्दे काढून त्यांना बाहेर आणायचे, मग सामान्य माणसाने कोणाकडे पाहायचे, असा तो प्रश्न असतो. प्रश्न विचारणाऱ्यांचा राग मला समजतो. मी एका जिल्हा न्यायालयात ३१ वर्षे फौजदारी वकिली केली आणि त्यातली शेवटची बारा वर्षे गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर राहून कारागृहातून येणारी अपिले चालवली. या रागाला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला असावा, असे वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे, पण विषयच असा आहे की तो चार ओळींत उरकला तर गैरसमज वाढतील.

आधी हे सांगतो की माझ्या स्वतःच्या घरीही घरफोडी झालेली आहे. १९९४ च्या मे महिन्यात आम्ही सगळे गावी लग्नाला गेलो असताना चोरट्यांनी मागच्या दाराचा कडी-कोयंडा उचकटला आणि कपाटातील आईच्या चार पाटल्या व मोहनमाळ नेली. सात-आठ महिन्यांनी पोलीस ठाण्यातून निरोप आला की चोर सापडले आहेत, सोने ओळखायला या. आम्ही गेलो तेव्हा टेबलावर सोन्याची एक लगड ठेवलेली होती. चोरीचे दागिने एका सराफाने वितळवले होते आणि आरोपीने दाखवलेल्या त्या दुकानातून ती लगड जप्त झाली होती. वजन साधारण जुळते आहे, तेव्हा ओळखले म्हणून सांगा, असा आग्रह आईला झाला. आई म्हणाली, "पाटल्या असत्या तर अंधारातही ओळखल्या असत्या, आतल्या बाजूला माझ्या सासूबाईंच्या नावाचं अक्षर होतं. ह्या गोळ्याला मी माझा कसा म्हणू?" न्यायालयातही तिने तेच सांगितले. आमच्या खटल्यात आरोपी सुटले आणि ते सोने आम्हाला कधीच मिळाले नाही. आईला त्याची हळहळ शेवटपर्यंत होती. पण आपण खोटे बोललो नाही, याबद्दल तिने एकदाही पश्चात्ताप केला नाही.

त्या लगडीने मला जे शिकवले ते कायद्याच्या पुस्तकाने शिकवले नव्हते. घरफोडी बहुधा रात्री किंवा बंद घरात होते, त्यामुळे तिला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो. सगळा खटला उभा राहतो तो मुद्देमालाच्या जप्तीवर आणि फार तर एखाद्या बोटाच्या ठशावर. आरोपीने पोलीस कोठडीत 'चला, दाखवतो' असे म्हणायचे, पंचांसमक्ष त्याचे निवेदन लिहून घ्यायचे, मग सगळ्यांनी गाडीत बसून जायचे आणि कुठल्या तरी झुडपातून, माळ्यावरून किंवा सराफाच्या दुकानातून माल काढायचा, ही त्याची ठरलेली रीत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, परंतु त्या माहितीमुळे एखादी वस्तू खरोखर सापडली तर माहितीचा तेवढाच भाग चालतो, असे जुन्या पुरावा कायद्याचे कलम २७ सांगत असे. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. त्याला जोडून दुसरा नियम असा, की चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे चोरीचा माल सापडला आणि ज्याला त्याचा खुलासा देता आला नाही, तो एक तर चोर असावा किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा असावा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. यातला 'लवकरच' हा शब्द महत्त्वाचा आहे. आठवड्याभरात सापडलेली साखळी आणि दहा महिन्यांनी सापडलेली लगड यांना एकाच मापाने मोजता येत नाही. शिवाय चोर आणि चोरीचा माल घेणारा यांच्या शिक्षेत मोठे अंतर आहे. रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंतची तरतूद होती, तर चोरीचा माल बाळगण्याला तीन वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच राजस्थानातील एका खटल्यात स्पष्ट केले, की लुटीतील दागिने केवळ आरोपीकडे सापडले एवढ्यावरून त्यानेच खूनही केला असा निष्कर्ष काढता येत नाही. या तत्त्वाला आता सुमारे सत्तर वर्षे झाली. तरीही खालच्या न्यायालयात जप्ती सिद्ध झाली म्हणजे सारेच सिद्ध झाले, असे मानून दिलेले निकाल मी वारंवार वाचले आहेत. अपिलात नेमके हेच तपासले जाते. जप्तीच्या दोन्ही पंचांनी एकाच महिन्यात एकाच पोलीस ठाण्यासाठी अशा पाच-सहा पंचनाम्यांवर सह्या केल्याचे उलटतपासात निघालेले असते, आणि तरी त्याचा निकालपत्रात उल्लेखही नसतो. ही बाब वरच्या न्यायालयाने गंभीरपणे घेतली तर तिला तांत्रिक मुद्दा म्हणणे अन्यायाचे आहे.

जबरी चोरी आणि दरोड्यात घरातली माणसे चोरट्यांना पाहतात. तिथे पुरावा अधिक भक्कम असेल असे वाटते, पण भीतीने गोठलेल्या माणसाने बॅटरीच्या उजेडात, तोंडावर फडके बांधलेल्या माणसाला काही क्षण पाहिलेले असते. ओळख परेड होते ती कित्येक आठवड्यांनी. तोवर आरोपीचे छायाचित्र वर्तमानपत्रात आलेले असते किंवा त्याला पोलीस ठाण्याच्या आवारात साक्षीदाराच्या समोरून नेलेले असते. साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याच्या मनातला धूसर चेहरा आणि नंतर पाहिलेला चेहरा हे एकमेकांत मिसळून गेलेले असतात, आणि तो शपथेवर अगदी प्रामाणिकपणे चुकतो.

याचे महाराष्ट्राने कधीही विसरू नये असे उदाहरण नाशिकचे आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. थोडीशी रोकड आणि दागिने यांसाठी पाच जणांचा जीव घेतला गेला, घरातल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. आई आणि एक मुलगा कसेबसे वाचले. या गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण तिघांची फाशी कायम करून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि शिक्षा वाढवण्यासाठी राज्य सरकारही गेले. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. म्हणजे ज्या तिघांचा जीव उच्च न्यायालयात वाचला होता, त्यांच्या गळ्याभोवती फास पुन्हा आला. या सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे तर त्याहूनही नंतर निष्पन्न झाले.

फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या होत्या. तिथेच सारे संपले असते. पण फाशीच्या प्रकरणातील फेरविचार याचिका न्यायमूर्तींच्या दालनात न ठरवता खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एका वेगळ्याच प्रकरणात दिला आणि त्यामुळे या सहा जणांसाठी बंद झालेले दार किलकिले झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला, अपिले नव्याने ऐकली गेली आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण काय होते? घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, त्या वाचलेल्या आईने पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. हे चार जण या सहांपैकी नव्हतेच. त्या चौघांवर ना आरोपपत्र दाखल झाले, ना त्यांचा नीट तपास झाला. हा पुरावा कागदपत्रांत होता, पण तीन न्यायालयांतून जाताना त्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व कोणीच दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी अधिकाऱ्यांचा शोध घेऊन कारवाई करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. तोवर या माणसांच्या आयुष्याची सोळा वर्षे गेली होती, आणि त्यातली बरीच वर्षे फाशीच्या छायेत.

अपिलावर रागावणाऱ्या वाचकांना मी नम्रपणे विचारतो, की या प्रकरणात त्या कुटुंबाला न्याय कोणत्या टप्प्यावर मिळाला? २००६ मध्ये, २००९ मध्ये की २०१९ मध्ये? माझ्या मते कधीच नाही. चुकीच्या माणसाला दिलेली शिक्षा फिर्यादीच्याही हिताची नसते, कारण त्या क्षणापासून खऱ्या दरोडेखोराचा शोध थांबतो. अपील लवकर, सावधपणे आणि सगळे कागद वाचून चालले असते, तर निदान त्या चौघांच्या दिशेने वेळेत पाहिले गेले असते.

या सहा जणांची जात-जमात हा योगायोग आहे, असे मला वाटत नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना ३१ ऑगस्ट १९५२ रोजी विमुक्त म्हटले गेले. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत तेव्हा मोकळी झाली. पण पोलीस ठाण्याच्या वहीतून तो शिक्का पुसला गेला नाही. गावाबाहेर पाल पडले आणि त्याच आठवड्यात गावात घरफोडी झाली, की पहिली गाडी कुठे जाते हे ग्रामीण महाराष्ट्रात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावलींतील जातीवर आधारलेल्या तरतुदी रद्द केल्या, तेव्हा विमुक्त जमातींना 'सवयीचे गुन्हेगार' ठरवणाऱ्या उल्लेखांवरही बोट ठेवले होते. 'सराईत' हा शब्द आमच्याकडे निकालपत्रात सहज लिहिला जातो. वास्तविक पूर्वीच्या शिक्षेमुळे शिक्षा वाढवायची असेल तर ती पूर्वीची शिक्षा दोषारोपात नमूद करून रीतसर सिद्ध करावी लागते. प्रत्यक्षात मात्र पोलिसांनी जोडलेल्या गुन्ह्यांच्या यादीकडे पाहून शिक्षा ठरते, आणि त्या यादीतल्या निम्म्या गुन्ह्यांत तो माणूस निर्दोष सुटलेला असतो.

आता शिक्षेबद्दल. सर्वसामान्य समज असा, की अपील म्हणजे 'मी गुन्हा केलाच नाही' असे म्हणणे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक अपिलांत खरा वाद शिक्षेचा असे. उदाहरणार्थ, दरोडा म्हणण्यासाठी किमान पाच माणसे लागतात. माझ्याकडे आलेल्या एका अपिलात आरोपपत्रच पाच जणांवर होते, सहावा कोणी होता असे कोणीही म्हणत नव्हते, त्यांतले दोघे खालच्या न्यायालयातच सुटले आणि उरलेल्या तिघांना तरीही दरोड्याची दहा वर्षे झाली. तिघांचा दरोडा कायद्यात होतच नाही. तो गुन्हा जबरी चोरीचा ठरला आणि शिक्षा निम्म्यावर आली. ते तिघे गुन्हेगार नव्हते असे मी म्हणत नाही, ते होते. पण त्यांनी केलेल्या गुन्ह्याचीच शिक्षा त्यांना व्हायला हवी होती. तसेच घातक शस्त्र वापरून केलेल्या जबरी चोरीला पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे किमान सात वर्षांची शिक्षा होती, जी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३११ मध्ये आहे. ही किमान शिक्षा ज्याने स्वतः शस्त्र वापरले त्यालाच लागू होते, बाहेर दुचाकी चालू ठेवून उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मधील दिल्लीच्या एका प्रकरणापासून सांगितले आहे. तरीही एकाच्या हातातल्या कोयत्यामुळे चौघांनाही सरसकट सात-सात वर्षे दिल्याचे निकाल येतच राहतात.

याहूनही गंभीर आणि वाचकांना जवळजवळ अपरिचित असलेली गोष्ट म्हणजे शिक्षांची बेरीज. घरफोडीचे बहुतेक खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा अधिक कारावास देता येत नाही. पण घरफोडीत सापडलेल्या माणसावर एकच गुन्हा क्वचित असतो. एकदा पकडला की त्या हद्दीतले आणि शेजारच्या हद्दीतलेही न उलगडलेले गुन्हे त्याच्या नावावर उघडकीस येतात. वकील नाही, जामीनदार नाही, तारखेला तारीख पडते आहे, अशा स्थितीत वर्षभर कच्च्या कैदेत काढलेला माणूस एक दिवस उठून न्यायालयाला सांगतो, "साहेब, गुन्हा कबूल." त्याला वाटते, आजवर काढले तेवढे दिवस वजा होतील आणि सगळ्या शिक्षा बरोबरच संपतील. कायदा मात्र उलट आहे. आधीची शिक्षा भोगत असलेल्या माणसाला दुसऱ्या खटल्यात शिक्षा झाली तर न्यायालयाने तसा स्पष्ट आदेश दिल्याखेरीज दुसरी शिक्षा पहिली संपल्यावर सुरू होते. आदेशातले ते एक वाक्य लिहायचे राहिले तर वर्षांवर वर्षे चढत जातात.

किती चढतात? मुंबई उच्च न्यायालयासमोर जुलै २०२३ मध्ये आलेल्या प्रकरणात चोरीच्या ४१ खटल्यांत शिक्षा झालेला एक तरुण होता. डिसेंबर २०१४ पासून तो तुरुंगात होता. एकेका खटल्यातली शिक्षा काही महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची. परंतु त्या एकामागून एक भोगायच्या असल्याने बेरीज ८३ वर्षांच्या वर जात होती, आणि सव्वा लाखाच्या आसपासचा दंड भरता न आल्याबद्दलची दहा वर्षे वेगळीच. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने साऱ्या शिक्षा एकत्रित, म्हणजे एकाच वेळी, भोगावयाच्या असल्याचा आदेश देऊन त्याची सुटका केली. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातून असेच प्रकरण आले होते. विजेच्या साहित्याच्या चोरीचे नऊ खटले, प्रत्येकात दोन वर्षे, मिळून अठरा वर्षे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यावर तो कैदी दिल्लीपर्यंत पोहोचला, म्हणून सुटला. दोन्ही प्रकरणांत गुन्ह्याबद्दल फारसा वाद नव्हता. चोरी ही चोरीच आहे आणि तिची शिक्षा व्हायलाच हवी. पण खुनाच्या जन्मठेपेतला कैदीही सरकारच्या निर्णयाने चौदा-वीस वर्षांनी घरी जाण्याची आशा बाळगू शकतो आणि कपाटे फोडणारा मात्र तुरुंगातच म्हातारा होऊन मरतो, हे कुठल्या न्यायात बसते, ते मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही. आणि ज्याचा अर्ज उच्च न्यायालयापर्यंत पोहोचलाच नाही, अशा कैद्यांचे काय?

हा पोहोचण्याचा प्रश्न मला सर्वांत अधिक छळतो. दंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात तीस दिवसांत आणि सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात साठ दिवसांत अपील करावे लागते. कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत तत्काळ आणि मोफत मिळाली पाहिजे, असे कायदा सांगतो. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी याहून पुढचे सांगितले. त्या प्रकरणात निकालाची प्रत वेळेत हाती न पडल्यामुळे अपिलाला चार वर्षांहून अधिक उशीर झाल्याची तक्रार होती. तेव्हा न्यायालयाने ठरवून दिले, की निकालाची प्रत कैद्याच्या हाती पडेल हे कारागृह प्रशासनाने पाहावे, तशी लेखी पोच घ्यावी, अपील करण्यासाठी सर्व सोयी द्याव्यात, आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर न्यायालयाने तो द्यावा. या निकालाला पाऊणशतक नव्हे, पण पन्नास वर्षे होत आली आहेत. तरी कारागृहभेटीत मला असे कैदी भेटत, ज्यांच्या उशाखाली निकालपत्राची प्रत घडी घालून ठेवलेली असे आणि तिच्यात काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नसे. कारण ती इंग्रजीत असे. महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार मराठी आहे. मग ज्या माणसाचे दहा वर्षांचे आयुष्य त्या कागदावर लिहिले आहे, त्याला तो का वाचता येऊ नये? निदान शिक्षेचा आदेश आणि अपिलाची मुदत एवढे तरी पहिल्या पानावर मराठीत लिहून द्यायला काय हरकत आहे?

दुसरी अडचण भीतीची. 'अपील केलंस तर शिक्षा वाढवतील' असे बराकीतले जुने कैदी नव्याला सांगतात आणि तो घाबरून अपीलच करत नाही. हे चूक आहे. आरोपीनेच केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारने स्वतंत्र अपील करावे लागते आणि आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले आहे. ज्यांनी गुन्हा कबूल केला त्यांनाही वाटते की आपले सगळे मार्ग संपले. दोषसिद्धीविरुद्धचा मार्ग त्यांना बहुतांशी बंद असतो हे खरे, पण शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरते अपील त्यांनाही खुले असते.

तिसरी अडचण काळाची. अपील दाखल झाले, पण सुनावणीला आले नाही आणि दरम्यान आरोपीची सगळी शिक्षाच भोगून झाली, अशी कितीतरी अपिले मी पाहिली. तीन किंवा पाच वर्षांच्या शिक्षेत हे हमखास घडते. सुटून घरी गेलेला माणूस पुढे आपल्याच अपिलाच्या तारखेला येत नाही आणि निर्दोष ठरला तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. १९७७ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात न्या. भगवती यांनी म्हटले होते, की अपिलात दम आहे असे मानून ते दाखल करून घ्यायचे आणि ऐकायला मात्र वेळ नाही म्हणून माणसाला आत ठेवायचे, हे न्यायाला धरून नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांबाबत हे तत्त्व आजही लागू आहे. पण जामीनदार आणायचा कुठून, हा प्रश्न उरतोच.

आता ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांच्याविषयी, कारण मी त्यांच्यातलाच एक आहे. अपील हा केवळ आरोपीचा हक्क आहे, असे समजू नये. २००९ च्या अखेरीपासून पीडित व्यक्तीलाही निर्दोष सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्याखाली झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करता येते. हे किती फिर्यादींना माहीत आहे? ज्याचे घर फुटले त्याला खटल्याची तारीख कोणी कळवत नाही, निकाल त्याला शेजाऱ्याकडून कळतो आणि अपील तर कधी लागले नि कधी निघाले, याचा पत्ताही नसतो. शिवाय निकालपत्राच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते, 'मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यानंतर फिर्यादीस परत करावा.' अपील झाले की हे परत करणे आणखी काही वर्षे लांबते. वस्तुतः सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले आहे, की दागिन्यांसारख्या वस्तूंचा सविस्तर पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावीत, बंधपत्र घ्यावे आणि वस्तू मालकाच्या ताब्यात द्याव्यात. त्या पोलीस ठाण्याच्या कोठारात वर्षानुवर्षे पडून राहू नयेत. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, तर मुद्देमालाची यादी आणि छायाचित्रे यांसाठी दिवसांची मुदतच घालून दिली आहे. मुलीच्या लग्नासाठी केलेले दागिने सापडूनही तिच्या लग्नात घालता आले नाहीत, अशी कुटुंबे मला ठाऊक आहेत. त्यांचा राग अपिलावर निघतो तो यामुळे, आणि तो दूर करणे व्यवस्थेच्या हातात आहे.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. दरोड्यात शिक्षा झाली की आरोपींची नावे, गावे, छायाचित्रे यांसह ठळक बातमी येते. तेच लोक तीन-चार वर्षांनी अपिलात सुटले तर आतल्या पानावर 'पुराव्याअभावी निर्दोष' एवढेच छापले जाते. पुराव्याअभावी म्हणजे नेमके काय? साक्षीदाराने दुसऱ्याला ओळखले होते, पंचनामा ठाण्यात बसून लिहिला होता, की जप्त माल फिर्यादीचा नव्हताच? ते कारण दोन वाक्यांत छापले तर वाचकांना आपले मत बनवता येईल आणि ज्या तपासातल्या ढिलाईमुळे खरा चोर सुटला, तिच्याकडेही बोट दाखवता येईल. आपल्या न्यायालयीन वार्ताहरांनी निकालाच्या बातमीत शिक्षा एकत्रित भोगायच्या की एकापाठोपाठ, हेही आवर्जून लिहावे. बातमीसाठी ते विचारले जाऊ लागले तर सरकारी वकील, बचावाचे वकील आणि न्यायालयातील कर्मचारी यांपैकी कोणाच्या तरी लक्षात येईल की आदेशात ते लिहायचे राहून गेले आहे.

आणि शक्य असल्यास हा मजकूर पत्राच्या शेवटी वेगळ्या चौकटीत छापावा: कारागृहात असलेल्या कोणत्याही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, अपिलासाठी मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. कैदी आपले अपील कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवू शकतो. मुदत उलटून गेली असली तरी कारण दाखवून उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० हा आहे. आपला अंक कारागृहाच्या वाचनालयातही जातो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील, सातारा